शनिवारचा व्यायाम, रविवारचं न्हाणं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, एक अरुंद दुकान आहे. तिथे इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे कडक काकू म्हणतात. वयानं त्या माझ्याहून लहान, पण मीही त्यांना काकूच म्हणते. त्या शब्दात आता नातं राहिलेलं नाही, तो दुकानाच्या पाटीसारखा झालाय. 'कडक' कुठून आलं तेही सांगते. नवं गिऱ्हाईक कपडे टेबलावर ठेवून "साधी इस्त्री करा" म्हणालं, की काकू मान वर न करता म्हणायच्या, "माझ्याकडे साधी नसते." बोलणंही त्याच जातीचं. एका साहेबांनी कॉलर झिजलेला शर्ट आणला, तेव्हा तो त्यांच्यासमोर उलटा धरून त्या म्हणाल्या, "याला इस्त्री नको साहेब, याला आता निवृत्त करा." नेमकी मीही त्याच आठवड्यात शाळेतून निवृत्त झाले होते. साहेब गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो बाई म्हटलं. तुमची कॉलर अजून शाबूत आहे."

शाळा सुटल्यावर इस्त्रीची गरज फारशी उरली नाही, पण दुकानात जाणं सुटलं नाही. दुपारी गर्दी नसते. मी दाराशी खुर्ची टाकून बसते, काकू उभ्यानं काम करतात, आणि आमच्या गप्पा होतात. म्हणजे त्या बोलतात आणि मी अधूनमधून "बरं" म्हणते. आयुष्यभर वर्गात मी बोलले आणि मुलं "हो बाई" म्हणाली, त्याची आता परतफेड चालली आहे असं समजते.

काकूंचं शरीर आखूड आणि दणकट, आणि त्या शरीराला न शोभणारे केस. मोकळे सोडले तर गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येतील असे दाट. पण मोकळे फार कुणी पाहिलेले नव्हते. आठवडाभर त्यांचा घट्ट अंबाडा, त्यावर वाफेपासून वाचायला बांधलेला रुमाल. "अंघोळ रोजची, न्हाणं रविवारचं," असा त्यांचा नियम होता. मी एकदा म्हटलं, "उन्हाळ्यात इतका घाम येतो, मधे एकदा धूत जा की केस." तर म्हणाल्या, "धुवायला तासभर आणि वाळायला अख्खा दिवस. ओल्या केसांनी इस्त्रीपुढे उभी राहिले तर माझीच वाफ होईल." रविवारी दुकान बंद असायचं. दुकानामागेच त्यांचं घर; त्या घरामागच्या मोकळ्या जागेत उन्हाकडे पाठ करून बसत, खुर्चीच्या पाठीवरून केस खाली सोडत आणि डोळे मिटत. तेवढ्या वेळात त्यांच्याकडे कपडे घेऊन जायची कुणाची छाती नव्हती.

काकूंना मुलगा एकच. नवरा तरुणपणीच गेला. कारखान्यांमधली मशिनं दुरुस्त करायला मुलगा गावोगाव फिरायचा. त्याचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पेशंटला खुर्चीत बसवायचं, हत्यारं उकळून ठेवायची, आणि घाबरलेल्या माणसाशी हवापाण्याच्या गोष्टी करत राहायचं, हे तिचं काम. घाबरलेल्या माणसाशी बोलण्याची तिला अशी सवय होती, की ती काकूंनाही घाबरली नाही. संध्याकाळी दवाखान्यातून आली की तडक दुकानात शिरायची आणि काकूंच्या हातातली इस्त्री काढून घ्यायची.

"आई, तुम्ही बसा."

"आणि शर्ट कोण जाळणार, तू?"

"जळला तर सांगू, डॉक्टरांनी भूल दिली होती, त्याला कळलं नाही."

काकू हसत नसत. पण त्या उठून इस्त्री परतही घेत नसत, आणि त्यांच्या दुकानात दुसऱ्या कुणाला इस्त्रीला हात लावू दिल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मग व्हायचं ते झालं. मुलगा एका गावाला कामासाठी गेला आणि तिथेच राहिला. तिथे कुणीतरी आहे हे आधी फोनवरून कळलं, मग वकिलाकडून. काकू मुलाला काय बोलल्या ते मला माहीत नाही. त्याचा एकही कपडा त्यांनी पुन्हा इस्त्रीला घेतला नाही, एवढं मी पाहिलं. सूनबाई त्यानंतरही काही महिने काकूंजवळच राहिली. दोघी एकत्र जेवायच्या, एकत्र भांडायच्या. आम्हाला वाटलं, आता हे असंच चालणार, आणि बरंच चालणार. पण कागदावर सही झाली आणि सूनबाईनं पलीकडच्या भागात एक खोली घेतली.

त्या दिवशीची हकीकत मला दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितली. सूनबाई बॅग भरत होती. काकू आल्या, बॅगेतले सगळे कपडे बाहेर काढले, बाहेर दुकानात नेले आणि एकेकाला इस्त्री करायला लागल्या. सूनबाई शेजारी बसून राहिली. दुपार गेली. कपडे संपले. काकूंनी बॅग भरली, चेन लावली आणि तिच्या हातात दिली.

सूनबाई मला म्हणाली, "इतक्या सुरेख घड्या होत्या हो बाई, कितीतरी दिवस मला त्या मोडवल्या नाहीत. वाटलं, मलाही अशीच नीट घडी घालून बाहेर ठेवलंय."

आणि काकू म्हणाल्या, "मुद्दाम सावकाश करत होते मी. एकेक कॉलर दोनदा फिरवली. म्हटलं, एवढ्यात ती म्हणेल, राहते. पण ती म्हणालीच नाही."

"तुम्हीच का नाही म्हणालात, राहा म्हणून?"

"कुठल्या तोंडानं म्हणू? माझाच मुलगा तिला टाकून गेला, आणि मी तिला म्हणू, तू मला टाकू नकोस?"

त्यानंतर दोघी भेटायच्या त्या बाजारात किंवा बसथांब्यावर. सूनबाई थांबून विचारायची, "कशा आहात, काकू?" पहिल्यांदा तसं झालं त्या दिवशी काकू घरी येऊन मला म्हणाल्या, "बघा बाई, आईची काकू झाले. याला बढती म्हणतात की बदली?" चेष्टेच्या सुरात म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाचे कपडे दुसऱ्याला दिले. असं त्यांच्या हातून कधी होत नसे. आम्ही मात्र इमारतीत तिचा विषय निघाला की सूनबाईच म्हणत राहिलो. दुसरं काय म्हणणार? अशा बाईला आपल्या भाषेत शब्दच नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकूंचा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणका, मग हात वर जाईना. समोर टेबलावर इस्त्री फिरवण्यापुरता हलायचा. पण वरच्या दांडीवर कपडा अडकवायचा म्हटलं की खांद्यातून कळ निघायची. त्यांनी टेबलाचे पाय सुताराकडून थोडे कापून घेतले, दांडीसाठी आकडा लावलेली काठी केली. दवाखान्यात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, खांदा गोठलाय. जन्म गेला इस्त्रीपुढे, आणि गोठला म्हणे!"

कामाचं त्यांनी निभावलं. केसांचं निभेना. डाव्या हातानं अंबाडा बांधता येत नव्हता आणि उजवा कानापर्यंतही पोचत नव्हता. त्यांनी केस नुसते गुंडाळून रुमालात कोंबायला सुरुवात केली. दोन रविवार मागची खुर्ची रिकामी राहिली. मी म्हटलं, "मी देते धुऊन." तर म्हणाल्या, "नको बाई. तुम्ही धुवायला बसलात की चुका काढाल."

त्याच सुमारास माझी कवळी हिरडीला टोचायला लागली म्हणून मी दातांच्या दवाखान्यात गेले. माझ्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधता बांधता सूनबाईनं विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?" मी होतं ते सांगितलं. ती हत्यारं मांडायला लागली. रविवारी सकाळी मात्र ती शाम्पूची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन काकूंच्या दारात उभी होती.

मी वर माझ्या घरात होते. खालून हाका ऐकू आल्या म्हणून उतरले. न्हाणीघराचं दार उघडं. काकू बुटक्या स्टुलावर गुडघ्यांवर ओणव्या, आणि सूनबाई बाह्या सरसावून त्यांच्या मागे उभी.

"डोकं खाली. अजून खाली. डोळे मिटा."

"दात काढतेस का केस धुतेस?"

"आधी केस. मग जीभ बघू. हे काय घरटं करून ठेवलंय काकू! एखादं पाखरू निघेल यातून."

"निघालं तर घेऊन जा तुझ्या खोलीवर. तुलाही सोबत होईल."

सूनबाईनं तांब्या भरून पाणी ओतलं. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. धुऊन, पुसून, गुंता सोडवून होईपर्यंत ऊन मागच्या भिंतीवर आलं होतं. काकू खुर्चीत जाऊन बसल्या, सूनबाई पायरीवर बसून त्यांचे केस बोटांनी मोकळे करत राहिली, आणि चहा मी केला. त्यानंतर दर रविवारी हेच. माझाही रविवार त्यात सामील झाला.

इस्पितळात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं काकूंना बजावून सांगितलं होतं, की हा खांदा व्यायामानंच सुटेल, पण तो रोज करायचा, दुखला तरी करायचा, आणि आत्ताच करायचा. उशीर केला तर तो आहे तसाच बसेल. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि कोळी चढतो तशी बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा. पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा. काकूंनी पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं चोख केलं. दुकानात इस्त्री तापेपर्यंतचा वेळ त्यांनी त्यासाठीच ठेवला होता. बोटं चढता चढता खांद्याच्या वर गेली, हनुवटीला आली, भुवईला आली.

केस धुऊन झाले की सूनबाई त्यांना भिंतीशी उभं करायची. "चढवा." काकू चढवायच्या. ज्या रविवारी बोटं कपाळाच्या वर गेली, त्या दिवशी तिनं टाळी वाजवली. "वा काकू! आता थोडे दिवस. मग तुमचं न्हाणं तुम्ही, तुमची वेणी तुम्ही. माझी सुटका!"

मी तिथेच होते. ती हसत म्हणाली होती. मीही हसले. काकूंनी हात खाली घेतला आणि कोरडा टॉवेल उगाच पिळला, असं मला आठवतं. पण ते आठवलं नंतर.

त्या आठवड्यापासून व्यायाम पातळ झाला. इस्त्री तापेपर्यंत काकू भिंतीपाशी जायच्या ऐवजी माझ्याशी बोलत राहायला लागल्या. मी आठवण केली की म्हणायच्या, "सकाळी झाला." पुढे म्हणू लागल्या, "संध्याकाळी करते." बोटं भुवईला आली, मग हनुवटीला. सूनबाई चक्रावली. तिनं शेकायला पिशवी आणली, मलम आणलं, इस्पितळातल्या मुलीशी जाऊन वाद घातला. आणि एका रविवारी तिनं काकूंना पकडलंच.

"खरं सांगा. रोज करता व्यायाम?"

"रोज कसा करणार?"

"म्हणजे?"

"अगं, व्यायाम केला की घाम येतो. घाम आला की डोकं चिकट होतं. डोकं धुवायचं तर तू रविवारीच येतेस. मधले सहा दिवस मी काय चिकट डोक्यानं फिरू? म्हणून मी सगळा व्यायाम शनिवारी करते. शनिवारी घाम, रविवारी न्हाणं. केस पण नीट, व्यायाम पण झाला."

सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. "बाई, ऐकलंत? भिंतीवर बोटं चढवून डोक्याला घाम!"

"तुमच्या डोक्याला येत नसेल. आमच्या येतो," काकू म्हणाल्या.

"मग मी बुधवारी पण येते धुवायला."

"नको. जास्त धुतलं की केस गळतात. आठवड्यातून एकदाच बरं."

इतकं पक्कं उत्तर, इतक्या गंभीर चेहऱ्यानं, की सूनबाई पायरीवर बसून पोट धरून हसली. तिनं ती गोष्ट दवाखान्यातही सांगितली. काकूंच्या हेक्यांपैकी हा एक हेका, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. हिवाळा सरला, उन्हाळा गेला. शनिवारचा व्यायामही मला कधी दिसला नाही. काकूंचा हात खांद्याच्या रेषेवर येऊन थांबला आणि रविवार मात्र एकही चुकला नाही. त्या काळात काकू खुशीत असत, हेही सांगायला हवं. शनिवारी दुपारपासूनच त्यांचं बोलणं मऊ व्हायचं. गिऱ्हाइकांनाही ते कळलं होतं. अवघड चुण्यांचे कपडे लोक शनिवारीच आणायचे.

कवळी पुन्हा एकदा घासून घ्यायला मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. सूनबाई बाहेर फोन घ्यायला गेली होती. डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालून म्हणाले, "तुमच्या शेजारणीचा हात कधी बरा होणार हो? माझा नवा दवाखाना अडलाय त्या हातावाचून." तोंड उघडं असल्यामुळे मला काही विचारता येईना. ते सांगत राहिले. दुसऱ्या गावात त्यांनी मोठा दवाखाना काढला होता. तिथला सगळा कारभार सूनबाईनं बघावा अशी त्यांची इच्छा होती. तिलाही जायचं होतं, राहायला जागा होती, हुद्दा मोठा होता. पण दर महिन्याला ती एकच उत्तर द्यायची: काकूंचा हात बरा झाला की जाते.

मी घरी आले ती सरळ दुकानात गेले आणि काकूंना हे सांगितलं. त्या एका पांढऱ्या कोटाची बाही करत होत्या. ती पुरी केली, दुसरी केली, कोट काठीनं दांडीला अडकवला. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"बरेच महिने झाले म्हणतात."

त्यांनी बटण बंद केलं. भर दुपारी इस्त्री बंद केलेली मी प्रथमच बघत होते. मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बोटं चढवायला लागल्या. खांद्याच्या रेषेला बोटं थांबली. त्यांनी जोर केला. कपाळावर घाम आला, अगदी खरा घाम आला, ओठ पांढरे पडले, पण बोटं वर सरकेनात. मी म्हटलं, "काकू, पुरे." त्या म्हणाल्या, "तुम्ही वर जा बाई."

त्या रविवारी मी खाली गेले तेव्हा काकूंच्या केसांना फेस लागलेला होता. मी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत बसले. आतून काकूंचा आवाज आला.

"तू जा तिकडे. दवाखान्यात."

सूनबाईचा हात थांबला असावा, कारण पाणी ओतायचा आवाज थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी का सांगेना. तू जा."

"हात बरा होऊ दे. जाईन."

"तो नाही बरा होत. मी व्यायाम करतच नाही."

"शनिवारी करता ना?"

"शनिवारी पण नाही. कधीच नाही. तू सुटका म्हणालीस, तेव्हापासून नाही."

"सुटका? मी? कधी?"

"कपाळाच्या वर बोटं गेली, त्या दिवशी. टाळी वाजवलीस आणि म्हणालीस, माझी सुटका."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सूनबाई म्हणाली, "मला आठवत पण नाही हो. म्हणाले असेन थट्टेनं. दवाखान्यात दिवसभर म्हणत असते मी ते. दात निघाला की पेशंटला म्हणते, चला, सुटका."

"मला काय माहीत? मला वाटलं, हात वर गेला की तू यायची नाहीस."

"मी हातासाठी येत होते असं वाटलं तुम्हाला?"

"मग कशासाठी?"

"घ्या! अहो, मला इथे यायला काही कारण नको का? आता मी तुमची लागते कोण? रविवार आला की वाटायचं, जावं. पण जाऊन म्हणू काय, सहज आले? तुम्ही म्हणाला असतात, बस, आणि कामाला लागला असतात. तुमचे केस होते म्हणून बरं होतं. हात बरा झाला असता तरी मी म्हणणारच होते, की तुम्हाला नीट धुता येत नाही, द्या इकडे."

"मग हे आधी सांगायचंस ना गं," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटलाच नाही.

"तुम्ही सांगितलंत?"

नंतर पाणी ओतायचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा फार वेळ येत राहिला. मी उठून चहाचं आधण ठेवलं आणि पुष्कळ भांडी वाजवली.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई रजा घेऊन काकूंना इस्पितळात घेऊन गेली. व्यायामाच्या मुलीनं हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सूनबाई नंतर म्हणाली. ती रागावली नाही. करत राहा, थोडा सैल होईल, पण पहिल्यासारखा वर जाईल असं सांगू शकत नाही, एवढंच म्हणाली. परतताना दोघी रिक्षानं आल्या. उतरताना काकू म्हणाल्या, "माझ्यापायी तुझे इतके महिने गेले," आणि सूनबाई म्हणाली, "आणि तुमचा हात."

सूनबाई नव्या गावाला गेली. जायच्या आधी तिनं पुष्कळ सांगितलं, की केस कापून टाका, मानेपर्यंत ठेवा, डाव्या हातानं धुता येतील. काकू नाही म्हणाल्या. मी पार्लरमध्ये घेऊन गेले, तर त्या खुर्चीत मान मागे टाकून एकदा धुऊन आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. "स्वच्छ धुतले हो. पण ती पोरगी एवढंच विचारते, पाणी गरम आहे का. बाकी काही नाही."

तेव्हापासून काकूंचं न्हाणं सूनबाईच्या सुट्टीवर चालतं. दोन महिन्यांनी, कधी तीन. मधल्या काळात त्या कोरडा कंगवा डाव्या हातानं जमेल तिथवर फिरवतात, ओल्या फडक्यानं डोकं पुसतात, खाज आली की इस्त्री करता करता रुमालावरूनच दाबतात आणि माझी नजर चुकवतात. व्यायाम मात्र आता रोज होतो. सकाळी इस्त्री तापेपर्यंत, दुपारी, आणि दुकान बंद करताना. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्या भिंतीकडचं तोंड वळवत नाहीत. "थांबा जरा, चढतेय." लोकही थांबतात. टॉवेल पाठीमागे ओढताना त्यांचा चेहरा बघवत नाही. हात खांद्याच्या रेषेच्या किंचित वर जातो, कानाच्या पाळीपाशी. केस तिथून वर सुरू होतात.

रविवारी सकाळी सूनबाईचा फोन येतो. दुकान बंद असलं तरी काकू तो दुकानात बसून घेतात, कारण घरात आवाज तुटतो. गेल्या रविवारी मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता, डाव्या हातात धरायला नको म्हणून.

"व्यायाम झाला?"

"झाला. रोज करते."

"बोटं कुठवर गेली?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. "भुवईच्या वर," त्या म्हणाल्या. "बाई बसल्यात इथे, विचार हवं तर."

मी "बरं" म्हणाले. ते हो आहे की नाही हे तिला कळलं नसणार.

"खरं? एवढी वर? मग पुढच्या खेपेला तुमचे केस तुम्हीच धुवायचे," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, आणि थोडा संशयही असावा. "मी काही हात लावणार नाही. मी नुसती बसून बघणार."

काकूंनी उजवा हात मांडीवरून उचलला, होता तिथवर नेला आणि परत मांडीवर ठेवला.

"बघ की," त्या म्हणाल्या. "तू ये आणि नुसती बस."